‘कळवतो’ म्हणालात ना, मग कळवा

परभणीहून रात्रभर एसटीने आलेली मुलगी वाकडेवाडीच्या स्टँडवर तोंड धुते, कपडे बदलते आणि दहाच्या ठोक्याला कंपनीत हजर होते. दोन वाजेपर्यंत ती फाइल मांडीवर घेऊन रिसेप्शनसमोर बसून असते. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही. आत गेल्यावर साहेब तिच्यासमोरच पहिल्यांदा बायोडेटा उघडतात, मध्येच फोन घेतात आणि विचारतात, ‘लग्नाचं काय ठरलंय?’

पुण्यातल्या नोकरभरतीत हे इतकं नेहमीचं झालंय, की उमेदवारांनाही त्यात वावगं वाटेनासं झालंय. मला वाटतं, निदान तो लग्नाचा प्रश्न तरी आता बंद व्हायला हवा. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये एकेकाळी महिला उमेदवारांना पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, हे भरून द्यावं लागे. नीरा माथुर यांना त्या फॉर्मवरूनच प्रोबेशनमध्ये घरी बसवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि ते रकानेही काढून टाकायला सांगितले. कागदावरचे रकाने गेले, पण केबिनमधली तोंडी चौकशी अजून चालूच आहे. फिरतीची तयारी आहे का, उशिरापर्यंत थांबता येईल का, हे जरूर विचारा. फक्त तेच मुलांनाही विचारा.

यूपीएससी दिल्लीला मुलाखतीसाठी येणाऱ्या उमेदवारांना रेल्वेचं स्लीपरचं भाडं नियमानुसार परत देते, मग निवड होवो न होवो. खासगी कंपन्यांना एवढं जमत नसेल, तर पहिली फेरी निदान व्हिडिओ कॉलवर घ्यावी.

सगळ्यात जास्त चीड येते ती नंतरच्या मौनाची. ‘आठवड्याभरात कळवतो’ या शब्दावर विसंबून पोरं हातातली दुसरी नोकरी लांबणीवर टाकतात. घरी रोज ‘आला का फोन?’ चालू असतं. महिना उलटतो. त्यांनी स्वतःहून फोन केला, तर कुणी उचलत नाही. एचआरवाले म्हणतात, अर्ज शेकड्यांनी येतात, कुणाकुणाला उत्तर द्यायचं? अर्जांचं एकवेळ समजू शकतं. पण समोर बसवून ज्यांची मुलाखत घेतली, ते दहा-बारा जणच असतात. त्यांना नक्की तारीख द्या आणि निवड झाली नसेल तर त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवा. निर्णय लांबला असेल, तर तेही कळवा.