देवाची परडी आणि दारचा कुत्रा

पुणें-नगर रस्त्यावरील कोरेगांव भीमा हें गांव सर्वांस ठाऊक आहे तें १८१८ सालच्या लढाईमुळें. आतां तेथें जुन्या घरांशेजारीं कारखाने व नवे बंगले उभे राहिले आहेत. जुन्या अंगणांत कण्हेर, नव्या बागेंत सायकस आणि दोहोंकडे दारांत कुत्रा, हा देखावा एकट्या कोरेगांवचा नव्हे. म्हणूनच आज त्याविषयीं लिहीत आहों.

कुत्र्यास घातक वनस्पति म्हटल्या कीं आपली दृष्टि कुंपणाबाहेरच्या रानाकडे जाते. वस्तुतः त्या आपल्या परडींत असतात. महादेवास कण्हेर व धोतरा, मारुतीस रुईची माळ. देवांच्या आवडीचीं हीं तिन्ही झाडें विषारी आहेत. कण्हेरीचें विष हृदयाची गति बिघडवितें आणि मूळ, साल, पान, फूल यांपैकीं एकही भाग त्यांतून सुटलेला नाहीं. पान वाळलें म्हणजे निरुपद्रवी झालें, ही समजूत सर्वांत वाईट. तें वाळल्यावरहि विषारीच राहतें. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, बी मुलें खेळावयास घेतात आणि पिलूं तीच चघळीत बसतें. नुसतें कडू पान कुत्रा सहसा खाणार नाहीं. परंतु निर्माल्यास पंचामृताचा नि तुपाचा वास लागलेला असतो, आणि तें आपण टाकतों कोठें, तर झाडाच्या बुंध्याशीं, उघड्यावर! त्याला झांकणाची टोपली कां नसावी? जास्वंद, गुलाब, मोगरा यांनीं पूजा कांहीं उणी होत नाहीं.

प्रसादाचीहि तीच गोष्ट. श्राद्धांत श्वानबलि काढणाऱ्या आपल्या घरांत कुत्र्यास घांस देणें हें पुण्यकर्मच होय. पण सत्यनारायणाच्या शिऱ्यांतील बेदाणे त्याचीं मूत्रपिंडें निकामी करूं शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल याचें कारण असावें, असा तर्क २०२१ सालीं पशुवैद्यांनीं मांडला. तेंच आम्ल चिंचेंत विपुल असल्यामुळें चिंचेचा कोळहि त्यास वर्ज्य समजावा. कांदालसूण घातलेली आमटी त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडते, हें तर फार पूर्वींपासून माहीत आहे.

नव्या शोभेच्या झाडांपैकीं मनीप्लांट व डिफेनबाखिया यांचें पान चावतांच तोंडांत सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक रुततात. लाळ गळते, जीभ सुजते, परंतु जीव बहुधा जात नाहीं. सायकसचें तसें नाहीं. त्याची बी खाल्ल्यावर ओकाऱ्या होतात, मग कुत्रा सांवरल्यासारखा दिसतो आणि दोनतीन दिवसांनीं यकृत बिघडल्याचें कळतें. बागेंत कुत्रा मोकळा सोडावयाचा असेल, तर हें झाड न लावलेलेंच बरें.

कुत्र्यानें कांहीं खाल्ल्याची शंका आली कीं घरांतील वडीलधारीं माणसें मिठाचें पाणी पाजावयास सांगतात. तें मुळींच करूं नये. त्या मिठानेंच कुत्रे दगावतात. ओकारी काढावी कीं नाहीं, तें पशुवैद्यानें ठरवावें. आपण तोंडांत राहिलेला पाला काढावा, खाल्ल्याची वेळ लिहून घ्यावी आणि त्या झाडाची डहाळी कागदांत गुंडाळून कुत्र्याबरोबरच दवाखान्यांत न्यावी.