‘प्रायव्हेट’ लायसनचा हिशेब

गेल्या महिन्यात शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडला एका नामकरण विधीसाठी जाण्याचा योग आला. जेवणे आटोपल्यावर एक जुने स्नेही आम्हाला बाजूला घेऊन बसले. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढून ते नुकतेच निवृत्त झाले आहेत. हातात एक रंगीत माहितीपत्रक होते. म्हणाले, "भाऊ, तुम्ही हिशेबातलं माणूस. पोरगी विमान शिकायचं म्हणतीय. बारावी सायन्स झालीय. प्रायव्हेट पायलटचं लायसन, सात लाख सांगितलेत. फंडाचे पैसे आलेत. भरून टाकू का?"

आम्ही विचारले, "लायसन मिळाल्यावर पुढे काय?"

"पुढं काय, प्रायव्हेट कंपनीत नोकरी. नावातच आहे की!"

आमच्या काळजात धस्स झाले. वाचकहो, दौंडच्या पलीकडे बारामतीला विमान शिकवणाऱ्या खासगी संस्था आहेत. त्यांची छोटी विमाने या भागातल्या मुलामुलींच्या नजरेत भरतात. म्हणून हा हिशेब सर्वांपुढे मांडत आहोत.

येथे ‘प्रायव्हेट’ म्हणजे खासगी कंपनी नव्हे. प्रायव्हेट म्हणजे स्वतःपुरते. हे लायसन असलेला माणूस विमान चालवू शकतो, सोबत माणसे नेऊ शकतो. पण त्याबद्दल एक पैसाही मेहनताना घेऊ शकत नाही. ते हौसेचे लायसन आहे. मुंबईत १९२८ साली फ्लाइंग क्लब निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेले पहिले लायसन मिळाले. टाटांच्या घरी हौस परवडत होती. आपल्या घरी फंडाचा पैसा म्हणजे म्हातारपणाची भाकरी असते.

पगाराची नोकरी हवी तर ‘कमर्शियल’ लायसन लागते. पहिल्याला किमान ४० तासांचे उड्डाण, दुसऱ्याला २०० तासांचे. तासाचा दर संस्थेप्रमाणे व विमानाप्रमाणे बदलतो. हिशेबापुरते १५ हजार धरू. ४० तासांचे झाले ६ लाख, २०० तासांचे ३० लाख. त्यात राहणे-जेवणे, वैद्यकीय तपासणी, परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना हे सारे मिळवले की एकूण खर्च चाळीस लाखांच्या पुढे जातो. एवढे करूनही कंपनीचे मोठे विमान चालवण्यासाठी ‘टाइप रेटिंग’ नावाचे आणखी एक प्रशिक्षण लागते. त्याचाही खर्च लाखांतच.

एवढे पैसे जातात कुठे? सेस्ना १५२ हे दोन आसनी शिकाऊ विमान तासाला वीस लिटरच्या वर इंधन पिते. ते पंपावरचे पेट्रोल नसते. हे खास विमानी पेट्रोल आपण परदेशातून आणत होतो; २०२२ साली इंडियन ऑइलने ते बडोद्याला तयार करायला घेतले. साधारण दोन हजार तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून नवे करावे लागते. तो खर्च आधीपासून प्रत्येक शिकणाऱ्याच्या तासावर बसतो. शिवाय शिक्षकाचा पगार, इंजिनिअरची ठरावीक तपासणी आणि विमा. म्हणजे दर जास्त आहे यात फसवणूक नाही. हौसेचे लायसन नोकरीचे म्हणून गळ्यात मारणे, ही मात्र फसवणूक आहे.

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, म्हणजे आपण शिकायचंच नाही का?"

या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. हिशेब सांगता सांगता आम्ही तिचे दार लावून घेत होतो. तिला जवळ बसवून आम्ही कागदावर क्रम लिहून दिला. तोच येथे देतो.

आधी तपासणी करून घ्या. रंग ओळखण्याची दृष्टी, कान, हृदय यांत दोष निघाला तर तो फी भरण्यापूर्वी कळलेला बरा. दुसरे, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र आहे ना, हे पाहा. तिसरे, हवाई नियम, हवामान, दिशाशोधन व विमानाची रचना यांचे पेपर असतात. त्यांचा अभ्यास घरी बसूनही सुरू करता येतो. चौथे, संस्थेचे नाव केंद्राच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या मान्य यादीत असल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळी रक्कम आगाऊ तर कधीच नको. जितके तास लॉगबुकात चढले तितक्याचे पैसे, अशी बोली करा. पाचवे, बँकेचे शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की तारण मागतात, हे ध्यानात असू द्या.

शिष्यवृत्तीची चौकशीही कमर्शियलसाठीच करा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या ‘टॉप क्लास’ योजनेत खासगी फ्लाइंग क्लबच्या या प्रशिक्षणासाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा ठेवलेली होती. सध्याचा नियम समाजकल्याण कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

आणि एक वाट बिनपैशाची आहे, तीही आपल्याच जिल्ह्यात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे. बारावीला गणित-भौतिकशास्त्र असेल तर परीक्षेतून तेथे जाऊन हवाई दलात पोचता येते. फी सरकार भरते. परीक्षा कठीण आहे आणि वयाची अट कडक आहे. म्हणून तयारी अकरावीपासूनच हवी. कॉलेजात एन.सी.सी.ची हवाई शाखा असेल तर तिचेही नाव घाला.

परवा स्नेह्यांचा फोन आला. फंडाचे पैसे पोस्टात ठेवले आहेत. मुलीची वैद्यकीय तपासणी ठीक निघाली आणि प्रबोधिनीचा अर्ज भरून झाला. लागेल की नाही, कोणी सांगावे? पण आता ती जे करील ते समजून-उमजून करील.

पालकांनो, पोरांचे स्वप्न मोठे म्हणून घाबरू नका. फक्त सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: या कागदाने पगार मिळतो का?

जयभीम.