शिबिर एका दिवसाचे, आरोग्य वर्षभराचे

१४ एप्रिलला गावोगावच्या बुद्धविहारांसमोर आरोग्य शिबिरे भरतात. मंडप पडतो, रक्तदाब मोजला जातो, गोळ्यांची पाकिटे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. आयोजकांच्या सद्हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. या शिबिरांत आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी डॉक्टर आणि परिचारिका म्हणून राबतात, याचा आम्हांस अभिमानच आहे. तथापि १५ एप्रिलला त्या वस्तीत काय उरते, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. ज्या वृद्धेचा रक्तदाब वाढलेला आढळला, तिच्या गोळ्या संपल्यावर पुढच्या कोण देणार? पावसाळ्यात हगवण लागलेल्या बाळाकडे कोण धावणार?

इतिहासाच्या अभ्यासातून आम्हांस असे दिसते की, खेड्यातील आरोग्याचा प्रश्न मुळात पाण्याचा आणि ज्ञानाचा प्रश्न आहे. ही दोन्ही साधने आपल्या समाजाला शतकानुशतके नाकारली गेली. ज्या व्यवस्थेने पाणी तोडले, तिनेच आपल्याला अस्वच्छ ठरविले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते मानवी समतेच्या हक्कासाठी. परंतु पाण्याचा हक्क हा निरोगी जगण्याचाही पाया आहे, हे आपण विसरता कामा नये.

महाराष्ट्रातच याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. बालकांचे वजन घेणे, स्वच्छ बाळंतपण करणे, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणे हे त्या शिकल्या. तेथे हातपंप दलित वस्तीत बसविण्यात आले आणि पाण्यासाठी सारा गाव त्या वस्तीत येऊ लागला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. १९९५ ते १९९८ या काळातील त्या प्रयोगात नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. दोन्हीकडे यशाचे कारण एकच: ज्ञान दवाखान्यातून निघून वस्तीतल्या स्त्रीच्या हाती गेले आणि तेथेच राहिले.

कोणी म्हणेल, २००५ पासून शासनाची आशा सेविका आहेच की! आहे, आणि ती अल्प मोबदल्यात पुष्कळ ओझे वाहते. तिच्या पाठीशी उभे राहणे हेच आपले काम होय. प्रत्येक गावच्या माजी विद्यार्थ्यांनी मंडपाचा खर्च कमी करून वस्तीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वजनकाटा आणि थर्मामीटर कायमचा ठेवावा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांची वही करावी, दरमहा तपासणी व्हावी, आणि उपकेंद्रात गोळ्या नसतील तर लेखी मागणी करावी. विहिरीत व टाकीत टीसीएल पावडर नियमित पडते की नाही, हे ग्रामसभेत विचारावे. आपली वस्ती नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला असेल तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे.

आमच्या शाळेचाही यात वाटा असावा. दिवाळीत आणि उन्हाळ्यात आमची मुले-मुली घरी जातात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचे माप आठवीतल्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला पाठ असावे. हगवण लागली तरी बाळाचे अंगावरचे दूध तोडायचे नाही, आणि बाळ मलूल पडले, त्याचे डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठायचा, हेही त्यांनी घरी सांगावे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने गलितगात्र झालेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः स्नान घातले, शय्येवर निजविले, आणि त्यानंतर संघाला बोलावून परस्परांच्या शुश्रूषेची जबाबदारी संघावरच सोपविली. एका दिवसाच्या करुणेचे नित्याच्या कर्तव्यात रूपांतर कसे करावे, याचा वस्तुपाठ आपल्या परंपरेतच आहे. पुढच्या जयंतीला शिबिर अवश्य भरवावे. परंतु मंडप उतरण्यापूर्वी वस्तीतली ती वही कोणाच्या हाती द्यायची, हे नक्की करूनच सर्वांनी घरी जावे.