विश्लेषण : ‘एव्हिएशन’ची पदवी घेतली की वैमानिक होता येते का? खर्च, परवाना आणि नोकरीचे गणित काय?

वैमानिकांच्या तुटवड्याची चर्चा सुरू झाली, की बारावीनंतरच्या ‘एव्हिएशन’ अभ्यासक्रमांच्या जाहिरातीही वाढतात. मात्र महाविद्यालयाची पदवी, सरकारचा परवाना आणि विमान कंपनीतील नोकरी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यातील फरक न समजता अनेक कुटुंबे लाखो रुपयांचे कर्ज काढतात.

वैमानिकांची चर्चा पुन्हा का?

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. त्याला निमित्त ठरले वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम. या नियमांनुसार आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या वेळेत करता येणारी लँडिंग सहावरून दोनवर आली. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला. पण त्यासाठी पुरेसे वैमानिक हाताशी नव्हते.

दुसरीकडे नव्या विमानांच्या मागण्या मोठ्या आहेत. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७०, इंडिगोने जून २०२३ मध्ये ५००, तर अकासा एअरने जानेवारी २०२४ मध्ये १५० विमानांची मागणी नोंदवली. पुढील १५ ते २० वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असे नागरी हवाई वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी २०२५ मध्ये सांगितले होते. जाहिरातींत हाच आकडा वारंवार दिसतो.

परवाना कोण देते?

व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजेच सीपीएल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. विद्यापीठ किंवा महाविद्यालय तो देऊ शकत नाही. त्यासाठी वय किमान १८ वर्षे, बारावीत भौतिकशास्त्र व गणित आणि ‘क्लास वन’ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही संधी द्यावी, यावर २०२५ मध्ये विचार सुरू झाला.

लेखी परीक्षेत हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान असे विषय असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण हवेत. रेडिओ संभाषणाचा परवाना वेगळा.

त्यानंतर खरी कसोटी २०० तासांच्या उड्डाणाची. त्यातील १०० तास विद्यार्थ्याने मुख्य वैमानिक म्हणून विमान चालवलेले असावे लागते. त्यात ३०० सागरी मैलांचा एक लांब पल्ल्याचा प्रवासही येतो. रात्रीच्या उड्डाणांचा आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणांचा अनुभवही नोंदवावा लागतो.

मग बीएस्सी एव्हिएशन कशासाठी?

सीपीएलसाठी पदवीची अट नाही. तीन वर्षांच्या बीएस्सी एव्हिएशनमध्ये डीजीसीएच्या परीक्षेतील बरेच विषय शिकवले जातात. पण ती पदवी परीक्षेला किंवा उड्डाणाच्या तासांना पर्याय ठरत नाही. काही ठिकाणी पदवी आणि उड्डाण प्रशिक्षण एकत्र चालते. अनेक ठिकाणी मात्र महाविद्यालयाच्या शुल्कात उड्डाण धरलेलेच नसते. ते मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण संस्थेत, वेगळे पैसे भरून करावे लागते.

‘बीबीए एव्हिएशन’सारखे अभ्यासक्रम तर विमानतळ व्यवस्थापन, ग्राहकसेवा किंवा मालवाहतुकीसाठी आहेत. त्या क्षेत्रांत नोकऱ्या आहेत. पण तो कॉकपिटचा रस्ता नव्हे.

असे असले तरी पदवी निरुपयोगी नाही. आरोग्याच्या कारणाने परवाना गेला किंवा नोकरी लांबली, तर तीच आधार देते. पण ती पदवी ‘एव्हिएशन’चीच असली पाहिजे, असे नाही.

खर्च किती आणि कसा वाढतो?

भारतात सीपीएलचा खर्च साधारण ४० ते ५० लाख रुपये सांगितला जातो. त्यानंतर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखे ठरावीक विमान चालवण्यासाठी ‘टाइप रेटिंग’ घ्यावे लागते. त्याचे दहा-पंधरा लाख किंवा त्याहून अधिक वेगळे.

५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार रुपये होतो आणि एकूण परतफेड ८२ लाखांच्या पुढे जाते. प्रशिक्षणाच्या काळातील व्याज यात धरलेले नाही. शेत किंवा घर तारण ठेवणाऱ्यांसाठी खरा धोका इथेच आहे.

विलंबानेही खर्च वाढतो. पावसाळा, धुके, दुरुस्तीसाठी उभी असलेली विमाने आणि प्रशिक्षकांची कमतरता यामुळे दीड वर्षाचा अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षे रेंगाळू शकतो. परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तासांचे उड्डाण झालेले असावे लागते. एखादा विषय राहिला, तर केवळ ही अट पूर्ण करण्यासाठी पुन्हा पैसे भरून उडावे लागते.

संस्थांचा दर्जा कसा ओळखायचा?

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव आणि नागपूर ही उड्डाण प्रशिक्षणाची ठिकाणे आहेत. उत्तर प्रदेशातील फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी ही केंद्र सरकारची संस्था असून तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी राज्यात ‘महाज्योती’ने वैमानिक प्रशिक्षणाची योजना सुरू केली होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून संस्थांची क्रमवारी सुरू केली. कामगिरी, सुरक्षितता, नियमांचे पालन, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य हे तिचे निकष. पहिल्या यादीतील ३५ संस्थांपैकी एकीलाही ‘ए++’ किंवा ‘ए’ श्रेणी मिळाली नाही. १३ संस्था ‘बी’मध्ये, तर २२ ‘सी’मध्ये आल्या.

तुटवडा आहे, तर नोकरी पक्की का नाही?

कंपन्यांना आज सर्वाधिक निकड अनुभवी कॅप्टनची आहे. त्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला किमान १५०० तासांचा अनुभव हवा. २०० तासांचा नवा परवानाधारक ही उणीव लगेच भरून काढू शकत नाही. २०२३ मध्ये डीजीसीएने १६२२ सीपीएल दिले. परवानाधारकांची संख्या वाढते. पण त्यांना सहवैमानिक म्हणून घेण्याचा वेग कंपनीच्या ताफ्यात नवी विमाने कधी येतात आणि प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर व प्रशिक्षक किती आहेत, यावर ठरतो. त्यामुळे ‘३० हजार वैमानिक हवेत’ हे खरे असले, तरी कर्जाचा हप्ता नेमक्या ज्या महिन्यात सुरू होतो, त्या महिन्यात नोकरी असेलच असे नाही.

शुल्क भरण्याआधी काय तपासावे?

सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी. चष्मा असला तरी चालू शकते, पण रंगांधळेपणासारख्या दोषाने वाट बंद होऊ शकते. हे प्रवेशानंतर कळले, तर भरलेले पैसे अडकतात. शक्य असल्यास डीजीसीएच्या एक-दोन लेखी परीक्षा आधीच द्याव्यात.

त्यानंतर संस्थेला चार प्रश्न विचारावेत : आज उड्डाणक्षम विमाने किती? त्यांवर विद्यार्थी किती? मागील तुकडीला २०० तास पूर्ण करण्यास किती महिने लागले? मध्येच प्रशिक्षण सोडल्यास किती रक्कम परत मिळते? उत्तरे लेखी घ्यावीत. संपूर्ण शुल्क एकरकमी न भरता, पूर्ण झालेल्या तासांनुसार टप्प्याटप्प्याने भरण्याची सोय आहे का, हेही पाहावे. जी संस्था ही उत्तरे कागदावर देण्यास टाळाटाळ करते, तिच्या आश्वासनांवर कर्ज काढणे धोक्याचे.