पाणी झेलणारं तबक
गोंगफू पद्धतीच्या चिनी चहात पाणी सांडावंच लागतं. चहादाणी तापवायला तिच्यावर उकळतं पाणी ओततात, पानांवरचं पहिलं पाणीही बहुधा टाकून देतात. हे सगळं झेलतं ते खालचं तबक, कधी भाजलेल्या मातीचं. एका स्नेह्यांकडे असं हाताने घडवलेलं मातीचं तबक पाहिलं. कडेवर अंगठ्याचे दाब स्पष्ट दिसत होते, झिलई तळाशी साचून गडद हिरवी झाली होती. दिसायला साधं, करायला कठीण! सपाट मातीच्या कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो. घाई केली की तबक वाकतं, नाहीतर भेगाळतं. म्हणून ते झाकून सावकाश सुकवावं लागतं. शिवाय भट्टीतून निघेपर्यंत माती बऱ्यापैकी आकसते, ते धरूनच माप घ्यायचं. हे काम शिकायची सोयही आपल्याकडे आहे: बेळगाव जिल्ह्यात, मराठी बोलणाऱ्या खानापुरात, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्था आहे. एवढं कसब हाताशी असताना आपण कुंभाराकडे पणत्या नि कुंड्यांपलीकडे काही मागतच नाही. एकदा असं तबक मागून पाहा, आणि किमतीत घासाघीस करू नका. तिच्यात सुकवणीचे दिवसही धरलेले असतात.