किनारा दिला, पण परतीची अट कोठे आहे?

व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाने १७८९ साली केप हेन्री येथील दोन एकरांहून अधिक नसलेली जमीन नव्याने स्थापन झालेल्या अमेरिकन संघराज्याच्या हवाली केली. चेसापीक उपसागराच्या मुखाशी दीपगृह उभारले जावे, एवढाच त्या दानाचा हेतू होता. परंतु दान करणारे विधिमंडळ भाबडे नव्हते. सात वर्षांत दीपगृह उभे राहिले नाही तर जमीन राज्याकडे परत येईल, असे त्याने कायद्यातच लिहून ठेवले. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या किनाऱ्यावर जाळी ओढण्याचा आणि मासे धरण्याचा जो हक्क नागरिक आजवर भोगत आले त्याला या हस्तांतराने बाध येणार नाही, असेही त्याने बजावले. गुलामांच्या श्रमावर जगणाऱ्या मळेवाल्यांचे ते सभागृह. त्याच्याकडून लोकशाहीचे धडे घेण्याचे कारण नाही. तरीही सार्वजनिक जमीन दुसऱ्याच्या हाती देताना काय लिहून घ्यावे लागते, हे त्या मळेवाल्यांना पुढच्या दोन शतकांतील अनेक लोकनियुक्त सरकारांपेक्षा अधिक चांगले कळत होते, असे म्हणणे भाग आहे.

या व्यवहारामागील कायदेशीर चौकट साधी आहे. किल्ले, दारूगोळ्याची कोठारे, शस्त्रागारे, गोद्या आणि अन्य आवश्यक इमारतींसाठी राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीने घेतलेल्या जागेवर संघाच्या काँग्रेसचीच सत्ता चालेल, असे अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात म्हटले आहे. १७८९ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने दीपगृहांचा कायदा केला. दीपगृहे, निशाण्या आणि बोये यांचा खर्च यापुढे संघ सोसेल, मात्र राज्यांनी वर्षभरात ती संघाच्या स्वाधीन केली पाहिजेत, असा तो सौदा होता. कर्जाने वाकलेल्या राज्यांना तो पटला. एकेका खाडीच्या तोंडाशी, एकेका भूशिरावर संघाची मालकी अशी प्रस्थापित झाली.

यात मुळात काही गैर नव्हते. जहाजाला दिवा दाखवणे आणि बंदराचे रक्षण करणे ही कामे तेरा राज्यांनी तेरा तऱ्हांनी करण्याची नव्हेत. दीपगृहाचा प्रकाश पैसे देणाऱ्या जहाजापुरता मर्यादित ठेवता येत नाही, म्हणून ते सार्वजनिक खर्चानेच चालावे, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील जुने उदाहरण आहे. प्रश्न वेगळाच आहे, आणि तो सोयीस्करपणे बाजूला ठेवला जातो. जमीन ज्या हेतूसाठी दिली तो हेतू संपल्यावर ती कोणाची?

या प्रश्नाला ‘राज्यांचे हक्क विरुद्ध केंद्राची सत्ता’ असे रूप देणारे पंडित वाचकाची दिशाभूल करतात. दक्षिण कॅरोलिनाचा इतिहास पाहावा. १८०५ साली त्या राज्याने चार्ल्स्टन बंदरातील किल्ल्यांच्या जागा संघाला दिल्या त्या अटीवर: तीन वर्षांत किल्ल्यांची डागडुजी करून तेथे शिबंदी ठेवली नाही तर देणगी रद्द. पुढे १८२९ साली त्याच बंदरात, उथळ पाण्यातल्या वाळूच्या उंचवट्यावर, सम्टर किल्ल्याचे काम सुरू झाले. तोच एका खासगी गृहस्थाने त्या पाण्याखालच्या जमिनीवर आपला हक्क सांगितला, आणि तोही थोडाथोडका नव्हे, ८७० एकरांवर! काम थांबले. अखेर १८३६ साली राज्याने ती जागा रीतसर संघाला देऊन टाकली. तो किल्ला उभारण्यात गुलामांचेही श्रम खर्ची पडले. आणि १८६० च्या डिसेंबरात संघातून फुटलेल्या याच राज्याचे प्रतिनिधी किल्ले परत मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले ते माणसांची खरेदी-विक्री अबाधित राहावी म्हणून. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. जमीन परत मागणारा प्रत्येक जण जनतेच्या वतीने मागतो असे नाही, हे या प्रकरणाने कायमचे दाखवून दिले आहे.

दुसऱ्या बाजूचे सोवळेही तितकेच पोकळ आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या सागरतळाखाली तेल सापडले, आणि ते राज्याचे की संघाचे हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९४७ साली न्यायालयाने संघाच्या बाजूने कौल दिला. किनाऱ्याचे रक्षण, नौकानयन आणि परराष्ट्रांशी संबंध ही संघाची जबाबदारी, म्हणून त्या पट्ट्यावर वरचढ हक्क संघाचाच, आणि त्यात तेलही आले, अशी ती विचारसरणी. संरक्षणाच्या दाराने तेल घरात आले ते असे! बरे, तेल कंपन्या मात्र राज्यांच्या बाजूने होत्या. राज्यांच्या स्वायत्ततेचा त्यांना एकाएकी कळवळा आला होता असे नव्हे. वॉशिंग्टनपेक्षा राज्यांच्या राजधान्यांशी त्यांचे अधिक जमत होते. ट्रूमन यांनी हा तळ राज्यांना देण्याचा ठराव दोनदा, १९४६ आणि १९५२ साली, नाकारला. आयझेनहॉवर यांनी १९५३ साली तशा कायद्यावर सही केली. साधारणपणे तीन मैलांपर्यंतचा तळ राज्यांचा झाला. नौकानयन आणि राष्ट्रीय संरक्षण यांसाठीचे अधिकार मात्र संघाने स्वतःकडे राखून ठेवले. सागरतळाचा खरा धनी असलेली जनता या संपूर्ण लढ्यात प्रेक्षकाच्या जागी होती.

अमेरिकन कायद्यात या धन्याला एक नाव आहे. भरती-ओहोटीचा पट्टा आणि नौकानयनयोग्य पाण्याखालची जमीन राज्याकडे असते ती मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून. ती खासगी हाती फुंकून टाकण्याचा अधिकार विधिमंडळालाही नाही. शिकागोच्या किनाऱ्यावरील तळ्याचा तळ एका रेल्वे कंपनीला बहाल करणाऱ्या इलिनॉय राज्याला तो परत घेता येतो, हे १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर मान्य केले. परंतु ही जमीन संघाकडे गेली की विश्वस्तपणाचे काय होते? सॅन दिएगो बंदरात बत्तीस एकरांच्या एका तुकड्यावर नौदल १९४९ पासून भाड्याने होते. २००५ साली संघाने तो तुकडा सक्तीने संपादन करण्याची कारवाई सुरू केली. कॅलिफोर्नियाची मागणी विनम्र होती: घ्या, वापरा, पण उद्या तुम्ही ही जमीन खासगी माणसाला विकलीत, तर तिच्यावरचा जनतेचा हक्क पुन्हा जागा होईल, एवढे मान्य करा. अपील न्यायालयाने २०१२ साली तेवढेही मान्य केले नाही. संपादनाबरोबर तो हक्क विझला, असा निर्णय झाला. राज्याने विश्वस्त म्हणून सांभाळलेली वस्तू संघाच्या हाती जाताच निव्वळ मालमत्ता झाली.

मालमत्ता झाली की तिची किंमत होते, आणि किंमत झाली की गिऱ्हाईक येते. दोनशे वर्षांपूर्वी राज्यांनी ज्या हेतूने दीपगृहांच्या जागा दिल्या, त्याची निकड उपग्रहांच्या युगात ओसरली. २००० सालच्या एका कायद्यानुसार अशी ऐतिहासिक दीपगृहे प्रथम सार्वजनिक व सेवाभावी संस्थांना विनामूल्य देऊ केली जातात. कोणी पुढे आले नाही तर त्यांचा लिलाव होतो. अनेक दीपगृहे अशी खासगी झाली आहेत. ‘वापरात नसलेली सरकारी मत्ता बाजारात आणणे म्हणजे कार्यक्षमता’ असे यावर सांगितले जाते. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी रिकार्डोचा खंडसिद्धान्त वाचलेला नसावा, किंवा वाचून विसरला असावा. किनाऱ्यावरच्या त्या जमिनीचे मोल मालकाने वाढवलेले नाही. बंदर गाळ काढून खोल केले ते करदात्याच्या पैशाने. शहर वाढले ते गोदी कामगार, खलाशी आणि कोळी यांच्या श्रमाने. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली हीच गोष्ट त्यांच्या देशबांधवांना सांगितली होती. जनतेने फुकट दिले, जनतेनेच मोल वाढवले, आणि विक्रीनंतरची सारी वाढ मात्र खरेदीदाराच्या खिशात! याला कार्यक्षमता म्हणायचे तर लूट कशाला म्हणावे?

भारतीय वाचकाने येथे अमेरिकेला हसण्याची घाई करू नये. भारतीय राज्यघटनेत दीपगृहे आणि प्रमुख बंदरे संघसूचीत आहेत. अनुच्छेद २९७ प्रमाणे सागरी हद्दीतील जमीन आणि खनिजे संघाकडे निहित आहेत. व्हर्जिनियाने घातली तशी अट घालण्याची संधीच किनाऱ्यावरच्या राज्याला येथे सहसा मिळत नाही. २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याने मुंबईसारख्या बंदरांच्या जमिनीचा बंदराखेरीज अन्य कामासाठी वापर करण्याची वाट रीतसर आखून दिली आहे. ती वाट कोणाच्या दारात संपते, हे गिरणगावाच्या जमिनीचे काय झाले ते पाहिलेल्या शहराला सांगायला नको.

अट लिहून घेतली म्हणजे सारे साधते, असेही नाही. माउईजवळचे काहोओलावे हे सुमारे पंचेचाळीस चौरस मैलांचे बेट. हवाईचे राज्य १८९३ साली उलथवले गेले, १८९८ साली ते अमेरिकेत विलीन करण्यात आले, आणि राजसत्तेच्या व सरकारच्या सुमारे अठरा लक्ष एकर जमिनी संघाला ‘सुपूर्द’ झाल्या. हवाईयन जनतेला त्याबाबत विचारले गेले नव्हते. तेव्हा हा शब्द अवतरणातच शोभतो. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काहोओलावे बेट लष्कराच्या ताब्यात गेले आणि तोफांचे लक्ष्य बनले. १९५३ साली अध्यक्षांच्या आदेशाने ते नौदलाला दिले तेव्हा त्यात अट होती: गरज संपताच बेट माणसाच्या वस्तीस पुरेसे सुरक्षित करून, प्रदेशावर खर्च न टाकता, परत करावे. त्यानंतर १९६५ साली त्याच बेटाच्या किनाऱ्यावर प्रत्येकी सुमारे ५०० टन स्फोटकांचे स्फोट घडवून युद्धनौका किती हादरा सोसतात ते तपासण्यात आले.

ही अट कागदावर निपचित पडून होती. ती जिवंत केली १९७६ पासून बंदी मोडून, लहान होड्यांतून बेटावर उतरणाऱ्या हवाईयन तरुणांनी. जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल हे त्यांतले दोघे १९७७ साली समुद्रात नाहीसे झाले. तोफा थांबल्या १९९० साली. बेट राज्याला परत मिळाले १९९४ साली. साफसफाईसाठी काँग्रेसने ४० कोटी डॉलरची तरतूद केली. २००४ साली नौदल निघून गेले तेव्हा बेटाचा सुमारे एक चतुर्थांश भाग अजिबात साफ झालेला नव्हता, आणि चार फूट खोलीपर्यंत साफ झालेला भाग जेमतेम एक दशांश होता. ‘माणसाच्या वस्तीस पुरेसे सुरक्षित’ या शब्दांचा हा अर्थ नौदलानेच लावला, आणि त्याला जाब विचारणारी यंत्रणा त्या आदेशात कोणी ठेवली नव्हती.

हवाईतील आणखी काही हजार एकर जमिनी, माकुआ खोऱ्यातील व पोहाकुलोआच्या पठारावरील जमिनींसह, १९६४ साली राज्याने लष्कराला भाडेपट्ट्याने दिल्या. मुदत ६५ वर्षे, भाडे एक डॉलर. या नाममात्र भाड्यावर हवाईत पुष्कळ संताप व्यक्त झाला आहे, आणि तो रास्त आहे. परंतु देणगीत नसलेली एक गोष्ट त्या पट्ट्यात आहे: मुदत. ती २०२९ साली संपते. लष्कराला पोहाकुलोआची जमीन पुढेही हवी आहे, आणि तेथे अधिक काळ राहण्यासाठी लष्कराने सादर केलेला पर्यावरण-अहवाल राज्याच्या भूमी मंडळाने २०२५ साली फेटाळला आहे. आता वाटाघाटींच्या मेजावर राज्याने काय मागायचे, भाडे वाढवून की जमीन साफ करून, आणि किती खोलीपर्यंत साफ करून, हे हवाईच्या जनतेने तेथल्या सरकारकडून आजच लेखी घेतले पाहिजे.