वजन : चार्जर वगळून

हलका लॅपटॉप घ्यायचा असला की आजकालचा सुशिक्षित माणूस चार कंपन्यांची माहितीपत्रके शेजारीशेजारी मांडतो आणि रकाने जुळवत बसतो. रकाने जुळवण्याला आमचा विरोध नाही; आमची सारी उमेद बँकेत तेच करण्यात गेली. पण इतकी लबाड खतावणी आम्ही अजून पाहिलेली नाही.

साठवणुकीचेच घ्या. रकान्यात ५१२ गिगाबाइट. घरी आणून विंडोजमध्ये बघावे तर ४७६! मधले ३६ गेले कुठे? तर म्हणे, कंपनीचा गिगाबाइट शंभर कोटी बाइटांचा आणि विंडोजचा १,०२४ च्या पटीतला, म्हणजे सुमारे १०७ कोटींचा. हिशेब बिनचूक आहे हो! पण ग्राहकाने ५१२ रुपये भरावेत, पासबुकात ४७६ उमटावेत आणि ‘आमचा रुपया जरा मोठा आहे’ असे आम्ही काउंटरवरून सांगावे. मग बघा आमची कशी वरात निघते ती!

प्रोसेसरचे तर नावच फसवे. इंटेलच्या दहाव्या पिढीत १०५१०यू हाही ‘कोअर आय-७’ आणि १०७५०एच हाही ‘कोअर आय-७’. आडनाव एक, पण पहिल्याला चार कोअर नि १५ वॉटचा खुराक, दुसऱ्याला सहा कोअर नि ४५ वॉटचा. सारा फरक शेपटीच्या एका अक्षरात.

बॅटरी ‘१८ तासांपर्यंत’. हा ‘पर्यंत’ मोठा सोयीचा शब्द आहे. पडद्याचा उजेड मंद करून नुसती चित्रफीत बघत बसलात तर कदाचित मिळतीलही तेवढे. खरा आकडा वॉट-तासांचा. बॅटरी ५० वॉट-तासांची आणि यंत्र १० वॉट खाणारे, तर ५ तास. भागाकार चौथीतला आहे, पण तो कोणी करत नाही.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते वजन! २००८ साली स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकबुक एअर कागदी पाकिटातून काढून दाखवला. वजन १.३६ किलो. मात्र सीडीचा ड्राइव्ह वेगळा विकत, इथरनेटच्या वायरीला अडॅप्टर वेगळा. लॅपटॉप पाकिटात, बाकीचा संसार पिशवीत! रॅमही बोर्डालाच सोल्डर केलेली. आजही कित्येक सडपातळ यंत्रांत ती तशीच असते. ८ की १६, हे लग्नासारखे एकदाच ठरवायचे, मागाहून वाढवणे नाही. एवढी जन्माची गोष्ट, आणि ती छापतात तळटीपेत, मुंगीच्या अक्षरांत.

आमचा भाचा दोन यंत्रांतल्या ४० ग्रॅमच्या फरकावरून तावातावाने भांडतो, पण पाव किलोचा चार्जर त्याच्या हिशेबातच नाही. आम्ही दुकानदाराला सांगतो, बाबा रे, माहितीपत्रक राहू दे. यंत्र, चार्जर, काय लागतील ते अडॅप्टर, सगळे एका पिशवीत भर आणि ती पिशवी आमच्या खांद्याला लाव. आम्ही जरा जिना चढून येतो.